डोकं दुखतंय, पुरावा काय?

ताप आला तर थर्मामीटर साक्षीला असतो. पाय मुरगळला तर सूज दिसते. साधी सर्दी झाली तरी दोन-चार शिंका देऊन माणूस आपली बाजू मांडू शकतो. डोकं दुखतंय हे मात्र नुसतं सांगावं लागतं. त्यात शाळेत असताना, गृहपाठ न झालेल्या सकाळी, आपण सगळ्यांनीच या दुखण्याचा इतका वापर केलेला असतो की त्याची पत कायमची गेली आहे. मोठेपणी ते खरंच सुरू होतं तेव्हा घरातून पहिला प्रश्न "फार दुखतंय का?" असा येत नाही. "रात्री किती वाजेपर्यंत मोबाइल बघत होतास?" असा येतो.

जुन्या बायका याबाबतीत हुशार. त्यांनी या न दिसणाऱ्या दुखण्याला चारचौघांत दिसेल असं रूप दिलं: सुंठीचा लेप. आजी सहाण धुऊन घ्यायची, तिच्यावर पाण्याचे चार थेंब टाकायची आणि सुंठीचा तुकडा गोल गोल उगाळत बसायची. उगाळलेलं पळीत घेऊन कोमट करायचं आणि दोन बोटांनी एका कानशिलापासून दुसऱ्या कानशिलापर्यंत जाड पट्टा ओढायचा. आधी जरा गारवा, मग चुरचुर, आणि लेप वाळत आला की कपाळाची कातडी अशी आवळून येते की भुवई वर करायची सोय राहत नाही. वाळलेल्या लेपाची पूड पापण्यांवर पडते म्हणून डोळे मिटावेच लागतात. डोळे मिटले की आडवं व्हावं लागतं. भरल्या घरात दिवसाउजेडी आडवं व्हायची परवानगी एरवी कुणा बाईला मिळत होती? लेप म्हणजे दुकानाच्या दारावरची 'आज बंद' ही पाटी होती. ती पाटी दिसली की पाहुणेसुद्धा आपला चहा आपण टाकून घ्यायचे. सुंठीत गुण आहेच. अर्धशिशीच्या रोग्यांना ती पोटात देऊन प्रयोग झाले आहेत आणि थोडाफार उतार पडलेला दिसला आहे. पण माझा संशय असा, की आजीच्या लेपातला निम्मा गुण सुंठीचा होता आणि निम्मा त्या अर्ध्या तासाचा.

ज्याच्या नावानं आपण एवढा ओरडा करतो, तो मेंदू स्वतः दुखतच नाही. वेदना कळण्याची सोयच त्याला दिलेली नाही. म्हणून तर काही शस्त्रक्रियांत रोग्याला जागं ठेवून, त्याच्याशी गप्पा मारत, डॉक्टर मेंदूत काम करू शकतात. दुखतात ती त्याच्याभोवतीची आवरणं, तिथल्या रक्तवाहिन्या, कवटीवरचे आणि मानेचे स्नायू. कपाळाची आणि चेहऱ्याची खबर वर पोचवणारी ट्रायजेमिनल नावाची नस आहे. बऱ्याचशा कटकटी तिच्या मार्गानं जातात.

आता या कटकटींचे प्रकार किती? सुश्रुतसंहितेत शिरोरोग अकरा सांगितले आहेत. हल्लीच्या डॉक्टरांनी आंतरराष्ट्रीय पातळीवर बसून केलेल्या यादीत ते दीडशेच्या वर गेले आहेत. वाचायला मोठी रंजक यादी आहे. आइस्क्रीम घाईनं खाल्ल्यानं दुखणारं डोकं तिच्यात आहे, केस ताणून बांधल्यानं दुखणारं आहे आणि चक्क हेल्मेटच्या दाबानं दुखणारंही आहे. 2019च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्ती सुरू झाली तेव्हा विरोधकांच्या हाती ही यादी पडली नाही, हे पोलिसांचं नशीब. (हेल्मेट मापाचं घेतलं की हा प्रकार मिटतो, आणि हेल्मेटशिवाय पडल्यावर जे डोकं दुखतं त्याला यादीत वेगळं प्रकरण आहे. तेव्हा पुणेकरांनी इथे पेन्सिलीची खूण करू नये.)

पण दीडशे प्रकार पाठ करायची गरज नाही. सामान्य संसारात दोनच मुख्य. एक ताणाची डोकेदुखी: दोन्ही बाजूंनी, पट्टा आवळल्यासारखी, डोकं जड, माणूस कुरकुरत का होईना, काम करू शकतो. दुसरी अर्धशिशी: बहुतेकदा एका बाजूनं, ठणके मारत येणारी, उजेड नको, आवाज नको, मळमळ, जिना चढला की आणखी वाढणारी. औषध घेतलं नाही तर 4 तासांपासून 72 तासांपर्यंत मुक्काम. पुरुषांपेक्षा बायकांत ती दुपटी-तिपटीनं जास्त, आणि पाळीच्या आसपास हमखास. घरोघरचं चित्र मात्र उलटं. ताणाची डोकेदुखी झालेल्या पुरुषासाठी घरात टीव्हीचा आवाज बंद होतो, पोरांना बाहेर पिटाळलं जातं. आणि अर्धशिशी झालेली बाई एक डोळा मिटून पोळ्या लाटत असते.

आपल्याकडे या दोन्ही प्रकारांवर एकच निदान चालतं: पित्त. मराठी माणसाच्या शरीरात जे जे बिघडतं त्याला पित्त जबाबदार असतं. त्यामुळे मोरावळा, कोकम सरबत, साळीच्या लाह्या यांचा धंदा बरा चालतो आणि कुणाचं नुकसानही होत नाही. अर्धशिशीच्या झटक्यात जठराचं काम मंदावतं आणि मळमळ हा त्या झटक्याचाच एक भाग असतो. ओकारी झाल्यावर पुष्कळांना मोकळं वाटतं, हे खरं. त्यावरून पित्तानं डोकं दुखलं असा निकाल देणं म्हणजे चोरासोबत आलेल्या कुत्र्याला चोर ठरवणं. घशात बोटं घालून कोरडे उमाळे काढणाऱ्यांना हे सांगून पाहा, पटत नाही. शहरात अलीकडे पित्ताला एक प्रतिस्पर्धी आला आहे. "मला सायनस आहे," असं लोक जरा अभिमानानं सांगतात. सायनस म्हणजे हाडांतल्या पोकळ्या, त्या सगळ्यांनाच असतात. नाक चोंदणं, डोळ्यांतून पाणी येणं, कपाळ आणि गाल जड होणं हे अर्धशिशीतही होतं, त्यामुळे सायनसच्या नावाखाली वर्षानुवर्षं वाफारा घेणाऱ्यांतल्या पुष्कळांची खरी तक्रार अर्धशिशीचीच निघते.

डोकं वारंवार का दुखतं याची सगळी कारणं एकाच दिवसात, एकाच माणसात बघायची असतील तर एखाद्या लग्नात वरमाईकडे बघावं. रात्री सीमांतपूजन आटोपून झोपायला दीड. पहाटे साडेचारला उठणं. केशरचनेला बसलेली मुलगी केस कपाळापासून मागे असे ओढते की डोळे थोडे तिरपे होतात. मग अंबाड्यात आकडे खोचते, ते मोजायचे नसतात. त्यावर गजरे. मोगऱ्याचा वास सकाळी सातला सुंदर असतो, अकराला तो डोक्यात शिरतो. नाश्त्याचा उपमा पाहुण्यांना पुरेल का या काळजीत वरमाई स्वतः खात नाही. पाणी प्यायची चोरी, कारण नऊवारी सोडून पुन्हा नेसायला कुणाला वेळ आहे? चहा मिळाला तो अर्धा, तोही गार. त्यात व्हिडिओवाल्याचा दिवा तोंडावर, मंगलाष्टकं म्हणणाऱ्या आत्याबाईंचा वरचा सूर माइकवर, आणि "शुभमंगल सावधान" झाल्याझाल्या दाराशी थांबलेला ताशा. पंगत बसते अडीचला, आणि वरमाईचं पान सगळ्यात शेवटी. एवढं झाल्यावर डोकं न दुखलं तर ती बाई माणसांतली नव्हे.

मग मावशीचा निकाल येतो: दृष्ट लागली. वरमाईला आतल्या खोलीत नेतात. दार लोटून घेतात, पंखा लावतात, अंबाडा सोडतात. मीठ, मोहऱ्या, मिरच्या ओवाळून विस्तवावर टाकतात आणि एवढ्या मिरच्या जळूनही ठसका आला नाही, म्हणजे बघा किती लागली होती, असं सर्वानुमते ठरतं. तोवर कुणीतरी लिंबाचं सरबत आणलेलं असतं, चांगलं साखर-मीठ घातलेलं. अर्ध्या तासात वरमाई हसत बाहेर. काळोख, वारा, मोकळे केस, पाणी, साखर, मीठ आणि आडवं होणं: एखाद्या डॉक्टरनं सांगितलं असतं तर यापेक्षा वेगळं काय सांगितलं असतं? श्रेय मात्र मिरच्यांना. मला त्याबद्दल तक्रार नाही. नुसतं "मी जरा पडते" म्हणून वरमाईला कुणी खोलीत जाऊ दिलं नसतं.

चहाची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तो आपल्या डोकेदुखीत दोन्ही बाजूंनी खेळतो. कॅफीननं मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात. रोज चार-पाच कप पिणाऱ्याच्या शरीरानं त्याचा हिशेब करून ठेवलेला असतो. ठरलेल्या वेळी कप आला नाही की वाहिन्या सैलावतात आणि डोकं ठणकायला लागतं. रविवारची डोकेदुखी अनेकदा हीच. सोमवार ते शनिवार सकाळी सहाला चहा, रविवारी माणूस नऊला उठतो, वर्तमानपत्र चाळत दहाला पहिला कप घेतो, आणि तोपर्यंत कपाळात काहीतरी सुरू झालेलं असतं. त्याला वाटतं, जास्त झोपल्यामुळे. तेही अगदी खोटं नाही, अर्धशिशीच्या माणसाला झोप कमी चालत नाही तशी जादाही चालत नाही. पण चहाचा हात असतोच. कप पोटात गेला की बहुधा तासाभरात उतार पडतो, म्हणून चहा हे डोकेदुखीवरचं औषध अशी त्याची खात्री पटते. पुष्कळशा डोकेदुखीच्या गोळ्यांतही कॅफीन घातलेलं असतं. एकदम सोडायचं म्हटलं तर पहिले दोन-तीन दिवस फार वाईट जातात आणि आठवडाभरात शरीर नवा हिशेब मान्य करतं. हळूहळू कमी करणं जास्त माणुसकीचं.

उपासाचंही तसंच. हरतालिकेला पाणीसुद्धा नाही. संकष्टीला सगळं लक्ष चंद्रोदयाकडे. कालनिर्णयात नऊ बावीस लिहिलेलं असतं आणि आषाढात चंद्र ढगाआडून यायला तयार नसतो. पोट बराच वेळ रिकामं राहिलं की डोकं दुखतं याची नोंद डॉक्टरांच्या त्या यादीतही आहे, आणि रमजानच्या पहिल्या दिवसांत किंवा ज्यूंच्या योम किप्पूरला जगभर हाच अनुभव येतो. देव बदलला तरी डोकं तेच. निर्जळ उपास ज्यांना हमखास बाधतो त्यांनी देवाशी थोडी घासाघीस करून पाण्याची सूट मागून घ्यावी. अर्धशिशीवर पहाटे, सूर्य उगवायच्या आत, दुधात बुडवलेली जिलबी खायचा जो गावठी उपाय आहे, त्याच्याकडे मी याच कारणानं आदरानं बघतो. उपाशी पोटाला साखर मिळते, एवढं निश्चित. शिवाय औषध म्हणून जिलबी सुचवणाऱ्या वैद्याचा राग कसा येणार?

मे महिन्यात उन्हातून आलेल्याचं डोकं दुखतं, त्याला पन्हं किंवा मीठ घातलेलं ताक द्यावं आणि बोलू नये. यात अधिक सांगण्यासारखं काही नाही.

मानेकडे मात्र कुणी बघत नाही. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. ते सरळ असतं तोवर मान तक्रार करत नाही. मोबाइलसाठी पुढे झुकलं की मागच्या स्नायूंवर भार वाढत जातो, आणि संध्याकाळी तो मानेतून वर चढून कपाळात बसतो. त्यासाठी चंपी हा उत्तम उपाय. कोमट खोबरेल, चार बोटं, मानेच्या खळग्यापासून वर. देणाऱ्याच्या हातात घाई नसावी, एवढीच अट. पण केस कापून झाल्यावर काही कारागीर प्रेमानं हनुवटी धरून मान 'कडाक्' करून देतात, त्याला नम्रपणे नको म्हणावं. त्या झटक्यानं मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. आवाज मोठा आला म्हणजे गुण मोठा आला, हा समज फटाक्यांपुरता ठेवावा.

बामाशिवाय हे सारं अपुरं राहील. पिवळ्या रंगाची ती छोटी बाटली, आणि तिचं झाकण उघडल्यावर घरभर जाहीर होणारी बातमी. लेपाचं काम पुढच्या पिढीत बामानं केलं: दिसला नाही तरी वास येतो. अमृतांजन जन्मलं आपल्या मुंबईत, 1893 साली. ते काढणारे काशीनाथुनी नागेश्वरराव तेलुगू गृहस्थ, स्वातंत्र्यचळवळीतले. बामात मिळवलेल्या पैशातून त्यांनी 1908 साली, इथूनच, 'आंध्र पत्रिका' हे तेलुगू साप्ताहिक सुरू केलं. लोकांची डोकेदुखी घालवून मिळवलेल्या पैशात पत्र काढून स्वतःला डोकेदुखी लावून घेणारा माणूस थोरच म्हणायचा. बामातल्या मेंथॉलनं कपाळ खरोखर गार होत नाही. थंडी ओळखणारी जी कळ कातडीतल्या नसांत असते, ती मेंथॉल दाबतं आणि मेंदूला गारवा लागल्याचा निरोप जातो. ही कळ शोधणाऱ्या दोघांना, डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना, स्पर्श आणि तापमान कसं कळतं या संशोधनासाठी 2021चं नोबेल मिळालं. पुदिन्याचं तेल कपाळाला चोळून ताणाची डोकेदुखी हलकी होते, हे जर्मनीत तपासून झालेलं आहे. डोळ्यांपासून लांब ठेवावं आणि तान्ह्या मुलांच्या नाकाजवळ नेऊ नये.

गोळीबद्दल मला राग नाही. वेळेवर घेतलेली एक गोळी दिवस वाचवते. पण पर्समधली पट्टी रोज उघडायला लागली की गंमत उलटते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा त्याहून जास्त दिवस, मिश्र गोळ्या 10 किंवा त्याहून जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. मग दुखतं म्हणून गोळी आणि गोळी म्हणून दुखणं. यातून बाहेर पडायला डॉक्टर लागतो, शेजारीण पुरत नाही.

डॉक्टर आणखीही काही वेळा लागतो आणि तिथे विनोद बाजूला ठेवावा. क्षणात कळस गाठणारी, आयुष्यात कधी आली नाही अशी भयंकर कळ, ताप आणि मान ताठ, बोबडी वळणं, हातापायातली शक्ती जाणं, दिसेनासं होणं, डोक्याला मार बसल्यानंतरचं दुखणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं किंवा आठवड्यागणिक वाढत जाणारं, गरोदरपणातलं. यांत लेप, बाम, जिलबी काही नाही, थेट दवाखाना.

एरवी मात्र डॉक्टरकडेही पुरावा नसतो. एमआरआय करून आलेले लोक मी पाहिले आहेत. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आनंद व्हावा, तर यांचं तोंड उतरलेलं. एवढे पैसे भरले आणि काहीच नाही! घरचे विजयी मुद्रेनं बघतात. वास्तविक ताणाची डोकेदुखी आणि अर्धशिशी कुठल्याच यंत्रात दिसत नाहीत. शहाणा डॉक्टर यंत्रापेक्षा रोग्याचं ऐकून निदान करतो, आणि घरी जाताना डायरी ठेवायला सांगतो. कधी दुखलं, किती वेळ, कुठे, आदल्या दिवशी झोप किती, जेवण कधी, चहा किती, गोळी कुठली.

आमच्या शेजारच्या काकांनी ती ठेवली. विमा कंपनीकडून आलेली मागच्या सालाची डायरी, वार खोडून नवे वार घातलेले. शिस्तीचा माणूस, महिनाभर एक दिवस चुकला नाही. "मंगळवार. दुपारी 4 ते 7. उजवी बाजू. कारण: हवामान." फक्त ती डायरी ते दिवाणखान्यात ठेवत, आणि काकूंच्या हाती पेन्सिल असे. हवामानाच्या खाली बारीक अक्षरात: "सोमवारी रात्री दीडपर्यंत मॅच." शुक्रवारी काकांनी लिहिलं होतं, "सकाळपासून जड. पित्त. चहा 3." खाली: "5. कोपऱ्यावरच्या टपरीवरचे दोन धरले नाहीत." पुढच्या आठवड्यात गुरुवारी "कारण अज्ञात", त्याखाली "एकादशी. दुपारी तीनपर्यंत पाणीसुद्धा नाही, सांगून दमले." आणि एका रविवारी, जिथे काकांनी "डोकं फार दुखतं, बाहेर जाणं रद्द" अशी नोंद केली होती, तिथे पेन्सिलीनं फक्त एवढंच: "माझ्या भावाकडे जायचं होतं."

डॉक्टरांनी डायरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि औषधयोजना पेन्सिलीवरून ठरवली. झोपायची वेळ रोज तीच, मॅच असो वा नसो. दुपारी बाराच्या आत दोन तांबे पाणी. चहा दर आठवड्याला एक कप कमी. रविवारच्या नोंदीवर त्यांनी काही मत दिलं नाही. पुढच्या महिन्यापासून डायरी काकूंनीच लिहावी असं मात्र सुचवलं. काकांनी त्याला हरकत घेतली आहे. दुखणं माझं आणि नोंदी हिच्या, हे त्यांना पटत नाही.